भट्टीवरची खोली

"निळा घालू की चौकड्यांचा?"

आर्माँ गोठ्याच्या दारात उभा होता. दोन हातांत दोन शर्ट, दोन्ही इस्त्री केलेले. मी धार काढत होते.

"कुठलाही घाल. शेळ्यांना फरक पडत नाही."

"शेळ्यांना कोण विचारतंय? तुला विचारतोय. आज संध्याकाळी जेवण आहे. सेव्हरीन स्वतः म्हणाली, आर्माँ, गुरुवारचं जेवण तुझ्यासाठी, तुला आवडेल ते कर. या महिन्यात बारा वर्षं झाली मला. तिच्या लक्षात राहिलं बघ." तो जरा आत आला आणि आवाज खाली केला, जसं काही माझ्या सोळा शेळ्या गावभर सांगत सुटणार होत्या. "मला वाटतं, आज ती खोलीचं सांगणार. सगळ्यांसमोर."

"निळा घाल," मी म्हटलं. मान काही वर केली नाही.

कारण मला ठाऊक होतं. सेव्हरीन, त्याची नवी मालकीण, सोमवारी चीज सांगायला आली तेव्हाच म्हणाली होती, "गुरुवारी आर्माँला निरोप द्यायचाय. त्याला सांगू नका हं पॉलेतबाई. आधी कळलं तर रडारड व्हायची, आणि मग स्वयंपाक कोण करणार?" वर हसली. मीही हसले. आता सांगायला लाज वाटते, पण हसले.

आमच्या वस्तीत घरं नऊ. त्यातलं शेवटचं, रानाला लागून असलेलं मोठं दगडी घर ओर्तांसबाईंचं. पाठीवर बोचकी घेऊन पायी भटकणारी शहरातली माणसं तिथे उतरतात. संध्याकाळी एकच लांब टेबल. पाहुणे, मालकीण, कामाची माणसं, सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं. कामाच्या माणसांना तिथे कामाची माणसं म्हणत नाहीत, स्वयंसेवक म्हणतात. दिवसाला पाच तास राबायचं, बदल्यात जेवण आणि गादी. तीन आठवडे झाले की पुढच्या गावी. कुणी कॉलेजातली पोरं, कुणी नवऱ्याला कंटाळलेली बाई, कुणी शाळा सोडलेला मास्तर. येतात, दोन वाफे खुरपतात, जाताना गळ्यात पडून रडतात.

आणि जाणाऱ्याला ताटली. ही ओर्तांसबाईंची पद्धत. आदल्या संध्याकाळी त्याच्यासाठी खास जेवण, शेवटी एक पांढरी ताटली, तिच्यावर निळ्या रंगात नाव, आल्याची तारीख, गेल्याची तारीख. मग ती जिन्याच्या भिंतीवर चढायची. खालच्या पायरीपासून माळ्यापर्यंत भिंत भरली आहे. एकूण एक ताटली आर्माँने लावली, पाणसळ धरून, एकही वाकडी नाही.

तो स्वतः तीन आठवड्यांसाठीच आला होता. त्याआधी एकतीस वर्षं चिनीमातीच्या कारखान्यात भट्टीवर. कारखाना बंद पडला, त्या मागोमाग बायको गेली. मेली नाही, गेली. आला तेव्हा एका पिशवीत मावेल एवढाच संसार होता त्याचा. ओर्तांसबाईंनी त्याला कोंबड्यांचं खुराडं साफ करायला सांगितलं. अंगणात जुनी पावाची भट्टी होती, चाळीस वर्षं थंड, तोंडात काटेरी झुडपं वाढलेली. तिच्या वरच्या माळ्यावर कोंबड्या. आर्माँने खुराडं साफ केलं, मग कुणी न सांगता भट्टीची एकेक वीट काढून पुन्हा बसवली. तीन आठवडे होऊन गेले. जा असं कुणी म्हटलं नाही, आणि तोही गेला नाही.

माळ्याची खोली त्याने केली. फळ्या त्याने रंधल्या, ओकची खिडकी त्याने बसवली. खाली भट्टी पेटली की वरची जमीन उबदार व्हायची. आमच्याकडे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत हाडं गोठतात, अशा थंडीत त्या खोलीसारखी खोली नाही. भट्टी पहिल्यांदा पेटली त्या दिवशी मी तिथेच होते, गरम पावावर माझंच चीज खात. ओर्तांसबाई काठी आपटून म्हणाल्या, "आर्माँ, ही खोली तुझी. मरेपर्यंत. मी नाही रे, तू मरेपर्यंत! पॉलेत, ऐकलंस ना? तू साक्षीदार."

"ऐकलं," मी म्हटलं होतं, तोंडात घास असताना.

कागद कुणी केला नाही. ओर्तांसबाईंचा शब्द असताना कागद कशाला, असं आम्हाला वाटायचं. आम्ही मूर्ख. मार्चमध्ये बाई वारल्या आणि घर त्यांच्या भाचीकडे, सेव्हरीनकडे आलं. सेव्हरीन वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ती हसतमुख आहे. इतकी हसतमुख की तिच्याशी भांडताच येत नाही, ओल्या साबणासारखी हातातून निसटते.

उन्हाळ्यात एकदा ती माझ्या अंगणात येऊन बसली. म्हणाली, "पॉलेतबाई, तुमचं सगळं चीज आता मीच घेणार. खडूच्या पाटीवर तुमचं नाव लिहीन, पॉलेतचं चीज म्हणून." मग सहज विचारल्यासारखं, "ते खोलीचं काय हो? मावशी खरंच तसं काही म्हणाली होती?"

आणि मी म्हटलं, "म्हातारं माणूस. बोलण्याच्या ओघात काहीही बोलतं."

झालं. एवढंच. कुणी गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं, असं त्यानंतर शंभरदा वाटलं. पण झडली नाही, ती तशीच वळवळत राहिली.

तर त्या गुरुवारी दुपारी मी चीज घेऊन गेले. आर्माँ स्वयंपाकघरात पीठ लाटत होता. सकाळपासून त्याने चार खोल्यांच्या चादरी बदलल्या होत्या, संडास घासले होते, लाकडं फोडली होती आणि भट्टी पेटवली होती. स्वतःच्या सत्काराच्या दिवशीही पाच तासांचे आठ तास केले होते. एका पातेल्यात चेस्टनटचं सूप रटरटत होतं.

"बटाट्याची झाकणवाली रोटी करतोय. ओर्तांसबाईंची आवडती," तो म्हणाला. "जिथे असतील तिथे वास जाईल."

"आर्माँ..."

"काय गं?"

मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ. पण तो माझ्याकडे बघत होता, नाकाला पीठ लागलेलं, आणि इतका खूष. त्याला असं मी कधी बघितलं नव्हतं.

"नाकाला पीठ लागलंय," मी म्हटलं.

तो हसला, कोपराने नाक पुसलं. मग जरा गंभीर झाला. "ऐक. तिने खोलीचं विचारलंच, तर तू बोलशील ना? ओर्तांसबाई काय म्हणाल्या होत्या ते. म्हणजे माझ्या एकट्याच्या सांगण्यावर काय..."

"बोलेन की."

"तू आहेस म्हणून मला चिंता नाही," असं म्हणून तो पुन्हा लाटायला लागला.

साडेसातला आम्ही बसलो. स्वयंसेवक त्या आठवड्यात कुणी नव्हते. लियाँ शहरातले चार पाहुणे, सेव्हरीन, मी, आणि टेबलाच्या डोक्याशी ओर्तांसबाईंच्या खुर्चीत आर्माँ. सेव्हरीननेच बसवला त्याला तिथे. निळा शर्ट, केस पाणी लावून चापून बसवलेले. वाढायला तो सारखा उठत होता आणि सगळे ओरडत होते, "बसा हो, आज तुम्ही बसा!" मग कुणीच उठायचं नाही, की पुन्हा तोच उठायचा.

रोटी संपल्यावर सेव्हरीनने चमच्याने पेला वाजवला.

"मित्रहो, आमच्या या आर्माँला तीन आठवड्यांसाठी घेतलं होतं. मोजता येत नाही बिचाऱ्याला. त्याचे तीन आठवडे बारा वर्षं चालले!"

सगळे हसले. आर्माँ सगळ्यांपेक्षा जास्त हसला. तो टेबलावर हात ठेवून थोडा पुढे वाकला होता, आता येणार, आता येणार म्हणून.

सेव्हरीनने पाठीमागून ताटली काढली.

टाळ्या वाजल्या. आर्माँने ती दोन्ही हातांनी घेतली. कारखान्यातला माणूस, आधी उलटी करून तळ बघितला, मग सुलटी केली. निळ्या रंगात आर्माँ, त्याच्याखाली आल्याची तारीख, आणि तिच्याखाली उद्याची.

"ही तर जाणाऱ्याची असते," तो म्हणाला.

"किती राबशील रे? आता आराम कर. तुझ्या बहिणीशी बोलले आहे मी. तिच्याकडे मागची खोली रिकामी आहे. सकाळच्या बसने जा, सामान मी पाठवते."

"पण माझी खोली आहे ना."

"भट्टीवरची? ती आता पाहुण्यांना द्यायची. इतकी गोड खोली, आपण एकट्याने वापरायची म्हणजे..." सेव्हरीनने पाहुण्यांकडे बघून मान तिरकी केली. एक बाई "खरंच गोड आहे हो" म्हणाली.

"ओर्तांसबाई म्हणाल्या होत्या..."

"मी चौकशी केली आर्माँ. कुणालाच आठवत नाही तसं काही."

"पॉलेतला आठवतं." त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही आधी, इतकी खात्री होती. मग बघितलं. "पॉलेत, तू होतीस ना? काठी आपटली होती त्यांनी. सांग की."

माझ्या हातात सुरी होती. माझं चीज समोर होतं, आणि भिंतीवरच्या पाटीवर खडूने माझं नाव. सहा माणसं माझ्याकडे बघत होती. मी चीज कापलं, एक फोड, दुसरी फोड.

"बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे रे," मी म्हटलं.

तो बघत राहिला. रागावला नाही. एखाद्याने अनोळखी घराची बेल चुकून वाजवावी आणि माफी मागावी, तसा चेहरा झाला त्याचा. "हो," म्हणाला. "झाली खरी बरीच वर्षं."

लियाँच्या एका गृहस्थाने घसा साफ केला. "ही बटाट्याची रोटी अप्रतिम होती. कशी करता हो?"

आणि आर्माँने सांगितली. सगळी. बटाटे नखाएवढे पातळ कापायचे, धुवायचे नाहीत, वर पिठाचं झाकण, भाजून झाल्यावर झाकणाला भोक पाडून साय ओतायची आणि पुन्हा थोडा वेळ आत. "साय आधी ओतली की पीठ भिजतं," असंही सांगितलं. त्या माणसाने लिहून घेतलं.

"आता ताटली!" सेव्हरीन उठली. "आर्माँ, तूच लाव बाबा. तुझ्याशिवाय कुणाला सरळ जमतं?"

पुन्हा हशा. तो उठला, जिन्याखालच्या कपाटातून ड्रिल आणि पाणसळ आणली. सगळे पेले घेऊन जिन्यात उभे. त्याने भोक पाडलं, खिळा बसवला, ताटली टांगली, वर पाणसळ धरली, बुडबुडा मधोमध येईपर्यंत अंगठ्याने हळूहळू सरकवली. कुणीतरी फोटो काढला. मग खाली पडलेला चुना हातानेच गोळा केला आणि भांडी घासायला गेला. मी पुसू लागते म्हटलं तर म्हणाला, "राहू दे. तुला कपबशा कुठे ठेवायच्या ते माहीत नाही."

सकाळी बसचा आवाज आला तेव्हा मी गोठ्यात होते. धार काढून झाली होती, तरी बसून राहिले. माझ्या घरी नवऱ्यामागे एक आख्खी खोली रिकामी आहे. ते मला बस वळणापलीकडे गेल्यावर आठवलं. खरं सांगायचं तर आधीही आठवलं होतं.

नाताळपर्यंत खोली सजली. दारावर निळ्या अक्षरांत पाटी लावली आहे, 'आर्माँची खोली'. पाहुणे विचारतात, कोण हा आर्माँ? सेव्हरीन म्हणते, "आमच्या घरातलेच एक होते." पाहुण्यांना फार आवडतं ते.

फक्त खिडकी लागत नाही. पावसाळी हवेत ओक फुगतो, फट राहते आणि वारा आत येतो. सुतार दोनदा येऊन गेला. त्याने खिडकी तासली तर आणखी बिघडली.

"तुम्हाला बाजारात भेटतो ना आर्माँ?" सेव्हरीन म्हणाली. "त्याला विचारा की, तो कशी लावायचा."

भेटतो. दर शुक्रवारी तालुक्याच्या बाजारात चर्चच्या भिंतीशी बाकावर बसलेला असतो. बहिणीचं घर चौथ्या मजल्यावर आहे, तिथे दिवसा तिला पाय पसरायला जागा लागते, म्हणून हा बाहेर. मला बघून सरकतो, जागा करतो. शेळ्यांची नावं घेऊन चौकशी करतो. त्या जेवणाचा विषय एकदाही काढला नाही मेल्याने. एक सणसणीत शिवी हासडली असती तर मी घरी जाऊन निजले तरी असते.

मी खिडकीचं विचारलं. त्याने लगेच दोन्ही हात हवेत उचलले.

"डाव्या हाताने खालून उचलायची. केसभरच. मग उजवा खांदा लावायचा आणि हळूच लोटायची. जोर नाही द्यायचा, जोर दिला की ती हट्टाला पेटते." तसाच हात वर धरून त्याने विचारलं, "सध्या कोण उतरलंय तिथे?"

"एक म्हातारं जोडपं. लीलचं."

"मग आजच सांग गं. वारा थेट उशीवर येतो. मी पहिल्या वर्षी महिनाभर खोकत होतो." त्याचा डावा हात अजून हवेत होता, तळवा वर, त्या खिडकीखाली. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने तो कोटाच्या खिशात घातला.

परत येताना सेव्हरीन दारातच भेटली. "काय म्हणाला?"

"काही नाही," मी म्हटलं. "बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. त्याला आठवत नाही."