यायचं राहिलेलं कडवं

सुमनआत्यांना इंटरनेट हवं होतं ते माझा प्रबंध वाचण्यासाठी, आणि म्हणूनच त्यांचं मागणं मी सात महिने टाळलं. त्यांच्या नातीनं, श्रावस्तीनं, पुण्याहून फोनवर सांगितलं होतं की प्रसेनकाकांचा प्रबंध आता विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे आणि कुणालाही वाचता येतो. त्या ‘कुणालाही’ची मला तेव्हापासून धास्ती होती. विद्वानांचे प्रबंध कुणी वाचत नाही, याच भरवशावर विद्वानांची अब्रू टिकून असते.

त्या प्रबंधात आत्यांची सहा गाणी आहेत. १९९८ साली येरमाळ्याला त्यांच्याकडे आठ दिवस राहून मी ती टेपवर घेतली. गाणं रचणाऱ्यानं शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचं, ही आमच्या वस्तीतल्या जलशांची रीत. आत्या ती कसोशीनं पाळत. माझा सिद्धान्त मात्र असा होता की लोकगीताला कर्ता नसतो. ते समूहाच्या ओठांवर आपसूक उगवतं. सहाही गाण्यांच्या शेवटी सुमन उभी होती आणि सिद्धान्ताला अडवत होती. मी सहाही कडवी कापली. परिशिष्टात टीप दिली: ‘निवेदक: येरमाळा परिसरातील एक वृद्ध, निरक्षर स्त्री.’ आत्या तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या आणि सातवी पास होत्या. परीक्षकांनी माझ्या क्षेत्रकार्यातल्या प्रामाणिकपणाचा खास उल्लेख केला. पुढची पंचवीस वर्षं मी, आमच्या माणसांची नावं इतरांनी कशी पुसली, यावर लेख लिहीत आलो. ते लेख धारदार आहेत, असं म्हणतात.

मार्चमधल्या एका रविवारी मी माझा जुना लॅपटॉप आणि सिमकार्डावर चालणारी वायफायची डबी घेऊन येरमाळ्याला उतरलो. वाटेत येडशीपर्यंत मी मनाशी एकच आशा बाळगून होतो, की आत्यांच्या घरात रेंज मिळणार नाही. डबी शिलाई मशीनवर ठेवताच चारही दिवे लागले.

मग मी वेळ काढू लागलो. लॅपटॉप उघडायचा कसा, मिटायचा कसा, बाण कशानं हलतो, चार्जर कधी लावायचा, हे सगळं मी ज्या बारकाईनं शिकवलं तसं माझ्या विद्यार्थ्यांना कधी शिकवलं नव्हतं. पासवर्ड कुणाला सांगू नका, असं बजावलं तर आत्यांनी तो भिंतीवरच्या कॅलेंडरावर ठळक अक्षरांत लिहिला. गुपित लिहून ठेवलं नाही तर आपल्यालाच सापडत नाही, हा त्यांचा अनुभव होता. चहा झाला, श्रावस्तीला फोन झाला. अखेर त्यांनी चष्मा पदरानं पुसला.

“आता तुजं पुस्तक काढ. लई खेळवलंस.”

मी काढलं. पान दोनशे बारा. पडद्यावर बोट ठेवून त्या आपलंच गाणं मोठ्यानं वाचू लागल्या. आधी अडखळत, मग चालीवर. पाचवं कडवं संपलं. त्याखाली पानाचा उरलेला भाग कोरा होता. आत्या थांबल्या. त्यांनी बाण खाली नेला, वर आणला. कोऱ्या जागेकडे त्या, बस यायची वाट पाहावी तशा, पाहत राहिल्या.

“शेवटचं यायचं ऱ्हायलंय,” त्या म्हणाल्या. “रेंज कमी पडली जणू.”

इतका सोपा खोटेपणा आयुष्यात मला कुणी असा तयार करून हातात दिला नव्हता. मी म्हणालो, “हो आत्या. इथं जरा कमीच आहे.”

त्यांनी डबी उचलून खिडकीत ठेवली आणि येऊन पाहिलं. नाही. दारात नेली. तिथून विचारलं, आलं का? मी पडद्याकडे पाहून नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. मग त्यांनी भिंतीशी स्टूल ओढलं. मी काही बोलायच्या आत, चौऱ्याहत्तर वर्षांची ती बाई एका हातानं कपाटाचा कोपरा धरून त्यावर चढली आणि माझी डबी डोक्याच्याही वर, छताच्या पत्र्याजवळ धरून उभी राहिली.

“आता बघ. आलं का?”

“आत्या, खाली उतरा,” मी म्हणालो. “ते येणार नाही. मी ते लिहिलंच नाही.”

मी हात पुढे केला. तो न घेता त्या आपल्या आपण उतरल्या. डबीवरची धूळ पुसून ती मशीनवर होती तिथंच ठेवली. बाकीच्या गाण्यांचं काय, असं त्यांनी विचारलं. सहाही, मी सांगितलं.

“टेपात हाय का ते?”

“आहे.”

“मंजी म्या म्हणलं व्हतं.”

“म्हटलं होतं.”

“मला वाटलं, मीच इसरले का काय.” त्या खुर्चीवर बसल्या. “मगाधरनं त्येच आठवायलीय.”

यावर मी बोललो. अभ्यासाची पद्धत, तो काळ, मार्गदर्शकांचा आग्रह, माझं वय. वाक्यं सुबक होती. मला ती आजही पाठ आहेत, म्हणजे ती आधीच रचून ठेवलेली असावीत. निरक्षर लिहिल्याचंही मी सांगून टाकलं. कचेरीत साहेबाचं ऐकावं तसं आत्यांनी ते ऐकून घेतलं आणि मी संपल्यावर विचारलं की या यंत्रावर अर्ज लिहिता येतो का. वस्तीतला नळ, दिव्याचा खांब, विहाराची जागा, सगळं त्यांनी अर्जांवर मिळवलेलं होतं.

येतो, मी म्हणालो. मग लिही, त्या म्हणाल्या. मा. कुलगुरू साहेब यांस. अर्जदार, सुमनबाई, राहणार येरमाळा, तालुका कळंब, शिक्षण सातवी पास. विषय, माझ्या सहा गाण्यांतून माझे नाव काढल्याबाबत. मी ‘काढल्याबाबत’च्या आधी ‘अनवधानाने’ असा शब्द घातला. त्यांचं बोट त्यावर आलं.

“ह्येचा अर्थ?”

“चुकून.”

“मग खोड.”

मी खोडला. पुढे सहाही कडवी त्यांनी तोंडपाठ सांगितली.

येरमाळ्याची सुमन सांगे, लेकी, शाळंची वाट धर,
पाटीवरच्या अक्षरानं गं उजळंल आपलं घर.

हे पहिल्या गाण्याचं. नाव कोणी काढलं, त्या रकान्यात मी नुसतं प्रसेनजित लिहिलं.

“डॉक्टर लिव्ह की. दारावरच्या पाटीवर हाय न्हवं?”

“आज नको वाटतं, आत्या.”

“तुला नको वाटंल. कशावर झालास त्ये त्यास्नी कळू दे.”

मी ‘डॉ.’ लिहिलं. तारीख घातली. पाठवण्याआधी वाचून दाखवायचं, ही त्यांची पहिल्यापासूनची शिस्त. म्हणून सबंध अर्ज मला मोठ्यानं वाचायला लावला. माझं नाव मी हळू आवाजात उरकलं. आत्या म्हणाल्या, नीट ऐकू आलं नाही, पुन्हा पहिल्यापासून वाच. मी पुन्हा, मा. कुलगुरू साहेब यांस, असं म्हणून सुरुवात केली.