पाऊण चक्कर

मखमलाबादला बर्फ पडत नाही, ही गोष्ट लताबाईला गावातल्या प्रत्येक शहाण्या माणसानं एकदा तरी येऊन सांगितली होती. जणू तिला डोळेच नव्हते. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. बर्फ नाही म्हणून तर साबण लावलाय, तुम्ही आपले पुढं चालू लागा.

झालं होतं ते असं. लताबाईची मुलगी वैष्णवी एनसीसीतून गुलमर्गला गेली, चौदा दिवसांचा स्कीइंगचा कोर्स करून आली आणि आली ती पार बदलूनच आली. लताबाईचा धाकटा भाऊ चंदर फौजेतून निवृत्त झालेला, त्याची निम्मी नोकरी बर्फात गेलेली. त्यानं भाचीला पुढच्या वर्षी पुन्हा वर नेलं, उतारावरून न पडता खाली यायला पक्कं शिकवलं आणि जुन्या स्कीची एक जोडीही मिळवून दिली. पण वैष्णवीला नुसतं घसरत खाली यायचं नव्हतं. तिला पाईपचं वेड लागलं होतं. उताराच्या मधोमध, उताराच्याच दिशेनं, जमिनीपासून हातभर उंच एक लोखंडी पाईप बसवलेला असतो. वेगानं यायचं, उडी घेऊन त्या पाईपवर आडवं चढायचं, पायातल्या फळ्यांवर तसंच घसरत टोकापर्यंत जायचं आणि खाली उतरायचं. नुसती उडी मारून चढलं तर ते साधं. हवेत पाऊण चक्कर फिरून चढलं तर ते खरं, असं वैष्णवीचं म्हणणं होतं.

वर्षातले साडेअकरा महिने नाशकात काढायचे आणि सराव गुलमर्गला करायचा, हे काही जमण्यासारखं नव्हतं. म्हणून शेततळ्याचा बांध कामाला आला. बाहेरच्या बाजूनं चांगला दोन पुरुष उंच, उतार बेताचा. एका लग्नाच्या लॉनवाल्यानं टाकून दिलेलं हिरवं प्लास्टिकचं गवत मायलेकींनी ट्रॅक्टरमधून आणलं आणि बांधावरून खालपर्यंत अंथरलं. वरच्या काठाला ठिबकची नळी सोडली, म्हणजे गवत ओलं राहील. त्यावर भांडी घासायच्या साबणाचं पाणी. पाईप चंदरनं वेल्डिंग करून दिला. त्यावरून वैष्णवी घसरायची आणि बाजूच्या वावरात लताबाई झेंडूची फुलं तोडायची. पोर पडली की धप्प असा आवाज यायचा आणि लताबाईचा हात फुलावर थांबायचा. पुन्हा चालत वर गेल्याचं दिसलं की हात पुन्हा सुरू.

आता खरं सांगायचं तर लताबाईला सुरुवातीला त्या चक्करचं काडीचं कौतुक नव्हतं. तिला कौतुक होतं ते सर्टिफिकेटचं. तिचा नवरा पुंजाराम स्वभावानं भित्रा, पण चौकस. त्यानं पाच ठिकाणी विचारून पक्की माहिती काढली होती, की राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या तिनात नंबर आला तर सरकारी भरतीत खेळाडूंच्या कोट्यातून अर्ज करता येतो. आणि या प्रकारात देशातून मुली येऊन येऊन येतात किती, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. गेल्या वर्षी पाच होत्या. म्हणजे सरळ जायचं, पडायचं नाही, कागद घ्यायचा आणि घरी यायचं. निवडीच्या साहेबांनीही फोनवर हेच सांगितलं होतं. मुलींमध्ये फिरणंबिरणं कुणी करत नाही, तुम्ही उभ्या राहिलात तरी पुष्कळ आहे.

"उभ्या राहिलात तरी पुष्कळ," वैष्णवी आईला म्हणाली होती. "मी काय वर्षभराचं मूल आहे का, उभी राहिली म्हणून टाळ्या वाजवायला?"

आणि ती फिरत राहिली. फिरत कसली, पडत राहिली. जून गेला, जुलै गेला, श्रावणात बाजाराला फुलं कमी पडू लागली तरी हिचं पडणं काही कमी होईना. दरवेळी एकाच तऱ्हेनं. उडी चांगली, फिरायला सुरुवात चांगली, अर्धी चक्कर होईपर्यंत सगळं ठीक. त्यानंतर शरीर मधेच अडकायचं, फळ्या पाईपवर आडव्या पडायच्या ऐवजी तिरक्या पडायच्या आणि पोर कमरेवर आपटायची. चंदरनं फोनवर व्हिडिओ बघून सांगितलं, की खांदे आधी फिरव. खांदे फिरवले, तरी तेच. मग तो म्हणाला, की वेग वाढव. वेग वाढवला, तर जास्त जोरात पडली. शेवटी त्यानं कबूल केलं, की ताई, फौजेत आम्हाला पाईपवर चढायला कुणी शिकवलं नाही, मला यातलं एवढंच कळतं.

गणपतीच्या आधीची गोष्ट. लताबाई डोक्यावर फुलांची भरलेली पाटी घेऊन बांधाखालून चालली होती. मागून पुंजारामनं हाक मारली. डोक्यावर ओझं असलेली बाई वळते तशी ती वळली, म्हणजे मान ताठ, नजर समोर, पाय टाकत टाकत सगळं अंग एकदम. नेमकी त्याच वेळी वैष्णवी वरून आली, उडी घेतली, फिरली, पडली. आणि लताबाई जागच्या जागी उभी राहिली. पोरगी हवेत अगदी आपल्यासारखीच वळली होती.

लताबाईनं पाटी खाली ठेवली आणि तशीच चिखलातून पोरीजवळ गेली. वैष्णवी कोपर चोळत बसली होती.

"तुझ्या डोक्यावर पाटी हाये," लताबाई म्हणाली.

वैष्णवीनं डोक्याला हात लावला. हेल्मेट होतं.

"ते नाय. आठ वर्षांची होती तवापासून तू फुलं वाहते. पाटी घेऊन मान वळवली की पाटी पडती, म्हणून मान वळवायचीच नाय, ही सवय तुला मीच लावली. वर हवेतबी तू मान धरून ठेवते. आधी मान फिरव. अंग येतं मागून."

पोरीला पटलं नाही. मग लताबाईनं तिच्याच मोबाईलमधला व्हिडिओ हळू करून तिला दाखवला. खांदे फिरलेले, कंबर फिरलेली, आणि मान मात्र खांद्यांवर खिळा मारल्यासारखी ताठ. पाठ पाईपकडे व्हायची तिथून पुढं तिला पाईप दिसतच नव्हता. न दिसणाऱ्या जागेवर कोण धड पाय ठेवेल? वैष्णवीनं तो व्हिडिओ सात-आठ वेळा पाहिला आणि मग ती इतकी हसली की पुंजाराम बघायला आला, पोरीला डोक्याला मार लागला की काय.

सवय कळणं वेगळं आणि मोडणं वेगळं. लताबाईनं त्यावर आपल्या डोक्यानं उपाय काढला. पाईपच्या खालच्या टोकाला, पण बाजूला सरकून, ती उभी राहायची आणि हात वर करून बोटं दाखवायची. कधी दोन, कधी चार. फिरता फिरता खांद्यावरून मागं बघून वैष्णवीनं आकडा ओरडायचा. आकडा आला म्हणजे मान फिरली. पहिला आठवडा सगळे आकडे चुकीचे आले. दुसऱ्या आठवड्यात बरोबर यायला लागले, पण पडल्यावर. दसऱ्याच्या आधी तर तोडणीची एवढी घाई, की सगळं घर पहाटेपासून झेंडूत; तरी दुपारचा एक तास लताबाई बोटं दाखवायला जायचीच. पुंजाराम म्हणाला, अगं सणाचा बाजार आहे. ती म्हणाली, असू द्या.

कार्तिक संपता संपता एका दुपारी वैष्णवी हवेतच "तीन" म्हणाली, तीनच बोटं होती, आणि दोन्ही फळ्या पाईपवर आडव्या अशा टेकल्या की आवाजसुद्धा वेगळा आला. ती घसरत टोकापर्यंत गेली आणि उभी राहिली. लताबाईला काय झालं ते तिलाच कळलं नाही. ती रडली. लग्नात, बाळंतपणात, सासू गेली तेव्हा, लोकांना दिसेल असं ती कधी रडली नव्हती, आणि आता साबणाच्या पाण्यात उभी राहून तोंडाला पदर लावून रडत होती.

एवढं असूनही, जानेवारीच्या शेवटी पोरगी चंदरबरोबर गुलमर्गला निघाली तेव्हा लताबाईनं तिच्याकडून शब्द घेतलाच. दहातल्या सहा वेळा जमतं, चार वेळा पडते. नोकरीच्या कागदाशी खेळ नको. स्पर्धेत सरळ जायचं. वैष्णवीनं बराच वेळ बॅगेची चेन लावली आणि मग म्हणाली, बरं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी लताबाई आणि पुंजाराम फूलबाजारात आपल्या जागेवर बसले होते. शेजारचा लहानूशेठ शेवंतीच्या ढिगामागून अधूनमधून टोमणे मारत होता, की आज बर्फात झेंडूला काय भाव निघतो. अकराच्या सुमारास फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता, चंदरचा, पण समोर वैष्णवी होती. नाक लाल, हेल्मेट डोक्यावर, मागं पांढरंच पांढरं.

ती भराभर बोलली. ढग उतरलेत म्हणून दोनऐवजी एकच फेरी होणार. मुली चारच आल्यात. तिघींचं झालं, तिघी सरळ गेल्या. दोघी चांगल्या गेल्या, तिसरीचा मधेच तोल गेला, पण पडली नाही. म्हणजे आपण नुसतं सरळ गेलो, तरी तिसरा नंबर कुठं जात नाही.

पुंजारामनं देवाला हात जोडले. "मग झालं तर," तो म्हणाला.

"आई, तिघीतली एकपण फिरली नाही," वैष्णवी म्हणाली. "मी शब्द दिलाय म्हणून तुला विचारते. नाहीतर विचारलं नसतं."

पुंजाराम हातानं सरळ, सरळ अशी खूण करत होता. लताबाईनं त्याच्याकडे पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता, आणि चुकीचंही काही सांगत नव्हता. सरळ गेलं की कागद मिळतो, हे तिला त्याच्याइतकंच कळत होतं. पण त्या साहेबांचं वाक्य तिच्या मनात आठ महिने सलत होतं. उभ्या राहिलात तरी पुष्कळ. तिला स्वतःलाही जन्मभर सगळ्यांनी हेच सांगितलं होतं. पडू नकोस, बास. आणि तीही पडली नव्हती, आणि त्याबद्दल तिला कुणी काही दिलंही नव्हतं. तिला एकाएकी भयंकर राग आला, साहेबांचा, नवऱ्याचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण पोरीला तेच वाक्य निघताना तिनंच बांधून दिलं होतं.

"शब्द मी घेतला होता," ती म्हणाली. "मीच सोडला. फिर तू."

"अगं, नोकरी..." पुंजाराम म्हणाला.

"फिर," लताबाई पुन्हा म्हणाली.

वैष्णवीनं फोन मामाच्या हातात दिला. थोडा वेळ पडद्यावर नुसतं चंदरचं बोट आणि बर्फ दिसत होतं. मग वरून एक ठिपका निघाला आणि मोठा होत गेला. उडी घेतली. फिरली. लताबाईनं फक्त मान पाहिली. मान आधी फिरली, खांदे मागून आले, फळ्या पाईपवर आडव्या टेकल्या, चक्कर पुरी पाऊण. ती घसरत गेली, अख्खा पाईप गेली, आणि अगदी शेवटी उतरताना एक पाय आत वळला आणि ती बर्फात लोळली.

पुंजारामनं डोळे मिटून घेतले. चंदर काहीतरी बोलत होता, ते वाऱ्यात ऐकू येईना. मग वैष्णवीचं तोंड दिसलं, भुवयांना बर्फ चिकटलेला.

"पडले," ती म्हणाली. "चौथी. आई, कागद गेला."

"चढली व्हती ना?"

"चढले होते."

"मी बघितलं. लागलंय का?"

लागलं नव्हतं. मग लताबाईनं तिला गरम काहीतरी पिऊन घ्यायला सांगितलं, फोन बंद केला, उठली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे घेऊन आली. पुंजाराम ढिगाकडे बघत बसला होता. तिनं आधी त्याच्या हातावर पेढा ठेवला. त्यानं तो खाल्ला नाही आणि टाकलाही नाही. मग ती रांगेनं वाटत निघाली. लहानूशेठनं तोंडात टाकता टाकता विचारलं, की कितवी आली पोरगी.

"चौथी."

"वा. किती जणींत?"

"चौघींत."

लहानूशेठला हसताना ठसका लागला. आजूबाजूचे दोघेतिघेही हसले. चौघींत चौथी आली म्हणून पेढे वाटणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असेल. लताबाईनं त्यांचं हसू संपू दिलं.

"तिघी सरळ गेल्या," ती म्हणाली. "माझी फिरून चढली."

"फिरून म्हंजे कशी?" लहानूशेठनं डोळे पुसत विचारलं.

लताबाईनं पेढ्यांचा पुडा त्याच्याच हातात दिला. पदर कमरेला खोचला. सत्तेचाळीस वर्षांची बाई, भर फूलबाजारात, पाकळ्यांच्या चिखलात पाय रोवून उभी राहिली, मान खांद्यावरून झटक्यात मागं टाकली, मागून अंग आलं, आणि ती जागच्या जागी पाऊण चक्कर फिरून आडवी थांबली.

"अशी," ती म्हणाली.

आता कुणी हसत नव्हतं. पुंजाराम हळूच म्हणाला, अगं, लोक बघतायत.

"बघू द्या," लताबाई म्हणाली, आणि लहानूशेठला नीट दिसलं नसेल म्हणून आणखी एकदा फिरली.