गुरुवारचे टाके

केसाहून बारीक सोन्याची तार जोडण्याचा पगार मिळतो, हे विजयश्रीच्या उदगीरच्या आईला शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. पण काम तेच होतं. भोसरीच्या एका शेडमध्ये उद्धवरावांनी सेन्सरची कंपनी काढली होती. ट्रकच्या ब्रेकमधल्या हवेचा दाब मोजणारे सेन्सर. तांदळाच्या दाण्याएवढी सिलिकॉनची चिप परदेशातून यायची. ती धातूच्या बैठकीवर चिकटवायची आणि मायक्रोस्कोपखाली तिला सोन्याच्या तारेने जोडायचं. या जोडांना विजयश्री टाके म्हणायची. पुढे सगळी कंपनीच तसं म्हणू लागली.

डिप्लोमा करून, लग्न होऊन ती दिघीला आली आणि २००५ साली या कंपनीत लागली. हात स्थिर होता, नजर चांगली होती. रोज तीन नग बाजूला काढून त्यांची तार बारीक हुकाने ओढायची आणि ती किती ताणाला तुटते ते लिहायचं, हेही तिच्याचकडे होतं. पाच वर्षांत तिचा एकही टाका नापास झाला नव्हता.

२०१० साली शेजारच्या शेडमध्ये चिमाजींनी मोठा प्रेस बसवला. चिमाजी भोसरीचेच, जुन्या शेतकरी घरातले. त्यांचा प्रेस सकाळी नऊला सुरू व्हायचा आणि दिवसभर पत्रा कापत राहायचा. कंपनीतल्या लोकांना आठवड्याभरात त्या धपधपीची सवय झाली.

सहा महिन्यांनी चाकणहून तक्रार आली. ज्या कारखान्याला सेन्सर जात होते, त्याच्या काही ट्रकांमध्ये घाट उतरताना दाबाचा काटा एकदम शून्यावर आला होता. ब्रेक लागत होते, कुणाला इजा झाली नव्हती. पण ड्रायव्हरांनी भर उतारावर गाड्या कडेला घेतल्या होत्या. परत आलेले सेन्सर उघडून पाहिले तर टाके सुटलेले. उत्पादन बघणाऱ्या दिग्विजयने चिपवरच्या मुलाम्यात खोट असल्याचं ठरवून टाकलं. सगळ्यांना ते पटलं, विजयश्रीलाही. तिच्या वहीत एकही नग नापास नव्हता ना.

बदली माल लवकर द्यायचा म्हणून कंपनीने गुरुवारीही काम ठेवलं. गुरुवार म्हणजे भोसरीची साप्ताहिक सुट्टी, आजूबाजूचे सगळे कारखाने बंद. अकराच्या सुमाराला विजयश्रीच्या लक्षात आलं की आज मायक्रोस्कोपमधलं चित्र हलत नाहीये. एरवी ते अधूनमधून थरथरायचं, ती क्षणभर थांबायची आणि पुढचा टाका घालायची. खड्ड्यांच्या रस्त्याची सवय व्हावी तशी तिला त्याची सवय झाली होती. तिने त्या दिवशी संध्याकाळचे नग ओढून पाहिले. टाके घट्ट होते. शुक्रवारी दुपारचे पाच ओढले. तीन सुटले.

तिने वही पुन्हा उघडली. पाच वर्षं ती सँपल सकाळच्या पहिल्या ट्रेमधूनच काढत आली होती. आठला काम सुरू, साडेआठला सँपल, नऊला प्रेस. कटकट सकाळीच उरकलेली बरी, एवढाच तिचा हिशेब होता.

शनिवार-रविवार तिने कुणाला काही सांगितलं नाही. सोमवारी ती उद्धवरावांच्या केबिनमध्ये गेली. दिग्विजय तिथेच होता.

"साहेब, चिप चांगली आहे. टाके माझे कच्चे आहेत."

तिने सगळं सांगितलं. उद्धवरावांनी विचारलं, "पहिल्याच ट्रेमधून काढायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. सोपं पडायचं."

दिग्विजयचं म्हणणं पडलं की हे बाहेर सांगायची गरज नाही. टाक्यांचं यंत्र जमेल तसं प्रेसपासून लांब हलवू, दोष चिपचाच राहू दे. उद्धवरावांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधीचे टाके अजून रस्त्यावर आहेत. ते सुटतील तेव्हा काय सांगायचं?"

चाकणला त्यांनी स्वतः पत्र लिहिलं. प्रेस आल्यापासूनचा सगळा माल परत मागवला. माल आला आणि ऑर्डर गेली. वर्षभरात तिसातली बारा माणसं सोडून गेली. दिग्विजय माण गावातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला. विजयश्रीला कुणी जा म्हटलं नाही, तशी तिची समजूतही कुणी घातली नाही. ती सकाळी एकदा आणि दुपारी दोनदा सँपल काढू लागली.

उद्धवराव तिला घेऊन चिमाजींकडे गेले. चिमाजींनी चहा मागवला आणि स्पष्टच सांगितलं, "प्रेस काय मी हलवायचो न्हाई, साहेब. अठरा घरं हायती त्याच्यावर." मग त्यांनी विजयश्रीला विचारलं, तिला जागा किती स्थिर पाहिजे. ती म्हणाली, पेलाभर पाणी ठेवलं तर वर तरंग उठता कामा नये.

आठवड्याने चिमाजींनी दोघांना राजगुरुनगरच्या पलीकडे त्यांनी घेतलेल्या जमिनीवर नेलं. बांध उतरून ते एका उघड्या कातळावर उभे राहिले आणि टाच आपटून म्हणाले, "खाली निबर खडक हाय. हितं बसवा तुमचं यंत्र. भाड्याचं मागनं बघू."

२०१२ साली कंपनी तिथे गेली. टाक्यांच्या यंत्राला खडकात वेगळा पाया दिला. दोन वर्षांनी चाकणचा कारखाना परत आला, आधी छोट्या ऑर्डरने.

गेल्या वर्षी कंपनीला पंचवीस वर्षं झाली. एचआरमधली उत्कर्षा कंपनीच्या इतिहासाची पुस्तिका लिहीत होती. तिच्या मसुद्यात एक ओळ होती: 'विस्तारासाठी कंपनी राजगुरुनगरजवळ आली.' विजयश्री आता गुणवत्ता विभागाची प्रमुख होती. ती म्हणाली, विस्तार कसला, निम्म्याच्या आसपास माणसं गेली होती तेव्हा. आणि तिने झालं तसं सांगितलं. उत्कर्षाने सगळं लिहून घेतलं, मग चाचरत विचारलं, नाव घालायचं की 'एका कर्मचाऱ्याने' असं लिहायचं?

"घाला नाव," विजयश्री म्हणाली. "नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल चूक यंत्राची होती."

मसुदा उद्धवरावांकडे गेला. ते निवृत्त झाले होते. 'विजयश्री यांना चूक सापडली' या वाक्यात त्यांनी 'सापडली' खोडून 'सांगितली' केलं, 'यांना'चं 'यांनी' केलं आणि कागद परत पाठवला.

वर्धापनदिनाला पेढ्यांबरोबर पुस्तिका वाटली. बहुतेकांनी आधी आपापला फोटो शोधला. विजयश्रीने ते पान उभ्याउभ्या वाचलं, एक प्रत चिमाजींसाठी पिशवीत घातली आणि दुसरी शिफ्ट यायची वेळ झाली म्हणून आत गेली.