भावोजी बटण दाबतात

"काका, खाली हिरवं बटण दिसतंय ना? 'मान्य आहे' लिहिलेलं? ते दाबा, की झालं."

कानाची यंत्रं बसवून देणारी ती मुलगी फार गोड बोलणारी होती. भावोजींनी खिशातून भिंग काढलं, तिच्या हातातला दुकानाचा फोन आपल्याकडे घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. शेजारच्या खुर्चीत माझी ताई दोन्ही कानांत नवी यंत्रं घालून तोंडी परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसली होती. बाहेरच्या बाकावर बाकीची मंडळी ताटकळत होती. आपलं नाव पुकारलं तरी आपल्याला कळणार नाही, या काळजीने प्रत्येकाचे डोळे दाराला चिकटले होते.

"काका, हे कोणी वाचत नाही."

"म्हणूनच असं लिहितात," भिंगावरून नजर न हटवता भावोजी म्हणाले. "हे बघ बाळ. वापराच्या सवयींची माहिती कंपनीकडे जाईल. सवयी म्हणजे कसल्या?"

"म्हणजे काकू यंत्र किती वेळ घालतात, घरात आवाज कधी जास्त असतो, असं काहीतरी."

"म्हणजे आमची भांडणं किती वाजता होतात ते कंपनीला कळणार."

"तुमची भांडणं होतात?"

"सध्या बंद आहेत. तिला ऐकू येत नाही."

मुलगी हसली. भावोजी हसले नाहीत, पुढचं कलम वाचू लागले. मग तिने खुर्ची पुढे ओढून समजावून सांगितलं. यंत्र फोनशिवायही चालेल, पण नुसतं चालेल. फोन असला की माणसाचा आवाज वर, भांड्यांचा खाली, असं हवं तसं लावता येतं. नसला तर भांडी, माणसं, रस्त्यावरचे भोंगे, सगळं एकाच मापाने कानात ओतलं जाणार.

"यंत्राला एखादं चाक नाही? बोटाने फिरवायला?"

"चाकं गेली आता, काका."

"कुठे गेली?"

याचं उत्तर तिच्या शिक्षणक्रमात नसावं. आम्ही बटण न दाबता घरी आलो. दोन दिवस ताईने भांडी, भोंगे आणि नवरा एकाच मापाने ऐकले आणि तिसऱ्या दिवशी यंत्रं डबीत घालून कपाटात ठेवून दिली.

भावोजींना ओळखणाऱ्या कोणालाही याचं नवल वाटलं नसतं. त्यांची सारी नोकरी वीज कंपनीच्या मीटर तपासायच्या खोलीत गेली. दिवसभर मीटर उघडायचे, बघायचे, बंद करायचे. त्यातून त्यांचं एक तत्त्वज्ञान तयार झालं होतं: जे उघडता येत नाही ते आपलं नाही. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी पेचकस असे, म्हणून कचेरीत सगळे त्यांना पेचकसच म्हणत. लग्नात आम्ही दिलेलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी पहिल्याच आठवड्यात उघडलं. आईला वाटलं, जावई आहेराची परीक्षा घेतोय. ती बरेच दिवस धास्तावून होती.

पुढे घरोघरी संगणक आले आणि भावोजींना जीवितकार्य सापडलं. ज्या सॉफ्टवेअरची आतली रचना कोणालाही वाचता येते, बदलता येते, दुसऱ्याला देता येते, तेवढंच वापरायचं. बाकीचं म्हणजे किल्ली दुकानदाराने ठेवून घेतलेलं कुलूप. सीडीच्या चकत्यांची पिशवी घेऊन ते नातेवाइकांकडे जात आणि चहा होईपर्यंत त्यांच्या संगणकाला स्वातंत्र्य देऊन टाकत. माझ्याही संगणकाला दिलं. त्यानंतर दोन महिने माझा प्रिंटर माझ्याशी बोलत नव्हता.

"स्वातंत्र्याची किंमत मोजावी लागते, मेहुणे," भावोजी म्हणाले.

"ती मी मोजतोय, भावोजी. तुम्ही नुसती सांगताय."

"कोणीतरी सांगायलाही लागतं."

पण हा माणूस नुसता हट्टी असता तर आम्ही सगळे त्याच्या घरी इतके जमलो नसतो. जमायचो ते गच्चीसाठी. झाडूच्या दांड्याला ॲल्युमिनियमच्या नळ्या बांधून त्यांनी एक अँटेना केला होता. हवामानाचा उपग्रह डोक्यावरून जायची वेळ झाली की ताई तो अँटेना उगारून गच्चीच्या मधोमध उभी राही. भावोजी कठड्याशी बसून, कानांवर हेडफोन चढवून, रेडिओच्या डब्याची बटणं फिरवत. समोरच्या घरातल्यांचा बराच काळ समज होता की ताई कावळे हाकलते.

"आला," ताई म्हणे.

"अजून नाही."

"आला म्हणते ना."

आणि मग खरंच त्या खरखरीतून टिकटिकणारी एक बारीक शिट्टी वर येई. हेडफोन भावोजींच्या कानांवर, त्यातून गळणारा आवाज गच्चीच्या मधोमध ताईला आधी कळे. तिचे कानच तसे. लहानपणी बाबांची सायकल कोपऱ्यावर वळली की तिला साखळीच्या आवाजावरून कळायचं आणि आम्ही भावंडं पुस्तकं उघडून बसायचो. आम्ही पास होत गेलो त्यात तिच्या कानांचा वाटा मोठा आहे.

संगणकाच्या पडद्यावर चटई उलगडावी तसे ओळीओळीने ढग उतरत. आम्ही सगळे तोंडं उघडी टाकून बघत राहू. एकदा मी विचारलं, "मग पाऊस येणार की नाही, हे यावरून कळतं?"

"मी कपडे मघाशीच आत घेतलेत," ताई म्हणाली.

त्या गच्चीवरच त्यांचं जन्माचं भांडण चाले. भावोजींचं मत असं, की अंतराळात माणूस पाठवणं हा शुद्ध खुळेपणा. त्याला खायला द्या, प्यायला द्या, परत आणा. यंत्र पाठवावं. सूर्यमालेच्या कडेला पोचलेल्या एका जुन्या यानावर त्यांचं पोटच्या पोरासारखं प्रेम होतं. "त्याची अक्कल आपल्या गणकयंत्राएवढीसुद्धा नाही," ते सांगत, "तरी अजून बोलतंय. का? तर कोणी त्याला वाटेत गाठून, नव्या अटी मान्य आहेत का, असं विचारलेलं नाही."

ताईचं म्हणणं, माणूसच जायला हवा. "यंत्र परत येऊन सांगणार आहे का, कसं वाटलं ते? आणि सांगितलंच तर तुम्ही त्यालाही उघडून बघाल."

हा वाद कोणी जिंकला नाही. जिंकायचाच नव्हता. दोघांच्या लग्नात तो गॅसच्या शेगडीसारखा होता. रोज पेटवायचा, रोज मालवायचा.

ताईचे कान गेले ते एकदम नाही. आधी दाराची घंटा गेली, मग फोनवरचे आवाज गेले, मग पाठीमागून बोलणारा माणूस गेला. तिने त्यावर एक उपाय शोधला. बोलणाऱ्याचे ओठ थांबले की ती हसून म्हणायची, "हो ना." हे दोन शब्द इतक्या ठिकाणी चालतात, हे मला तेव्हा कळलं. आम्ही बरेच दिवस फसलो. भावोजींच्या मतांवर ताई 'हो ना' म्हणायला लागली, तेव्हा आम्हाला वाटलं, वयाने शहाणपण आलं.

यंत्रं कपाटात गेल्यावर परगावी असलेली भाची फोनवर बापाला म्हणाली, "बाबा, तुमचं स्वातंत्र्य आईच्या कानांच्या जिवावर चाललंय."

भावोजींनी यंत्राच्या कंपनीला पत्रं लिहिली. रचना खुली करा, मी स्वतः चाक बसवून घेतो, असा एकंदर मजकूर. कंपनीने प्रत्येक पत्राला एकच उत्तर पाठवलं: तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. भावोजींचा फोन साधा, बटणांचा, म्हणून मी माझा पुढे केला, तर ताईनेच मोडता घातला. कागदावर लिहिलेलं वाचून ती म्हणाली, "तुझ्या फोनवरून ऐकायला लागले तर यांची बोलणी जन्मभर ऐकावी लागतील. त्यापेक्षा असंच बरं." हसली. पण हल्ली ती लोकांत येईनाशी झाली होती. घरात चार माणसं जमली की स्वयंपाकघरात काहीतरी काम काढून बसायची.

अशाच एका दुपारी मी तिथे होतो. ताई वाटाणे सोलत होती. भावोजी खुर्चीत चहा घेऊन बसले होते आणि बराच वेळ तिच्याकडे बघत होते. मग एकदम घसा साफ करून म्हणाले, "ऐकलंस का? मी खूप विचार केला. माणूसच पाठवायला हवा. यंत्राचं काम नाही ते. तुझं बरोबर होतं."

मी कप खाली ठेवला. त्या घरात असलं वाक्य कोणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. हे ऐकून ताई गप्प बसणं शक्यच नव्हतं. तिने शेजारपाजार गोळा केला असता.

ताईने मान वर केली. त्यांचे ओठ थांबलेत, म्हणजे आता आपली पाळी, एवढं तिला कळलं.

"हो ना," ती गोड हसून म्हणाली, आणि पुढची शेंग उचलली.

"मेहुणे, तुम्ही साक्षीदार," भावोजी हसत म्हणाले. हसू ओसरायची वेळ झाली तरी ते तसंच तोंडावर राहिलं, विसरून दिवा चालू राहावा तसं. मग ते उठले, कप विसळून ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "उद्या जरा याल का? नवा फोन घ्यायचाय."

दुकानात त्यांनी फोन उलटा करून पाहिला. "झाकण कुठून उघडतं?"

"उघडत नाही काका," दुकानदार म्हणाला.

"बॅटरी?"

"आत चिकटवलेली असते."

भावोजींचा हात खिशातल्या पेचकसावर गेला आणि तिथेच थांबला. जुन्या ओळखीच्या माणसाचा कोणी चारचौघांत अपमान केला तर आपण त्याच्या खांद्यावर हात ठेवतो, तसा.

घरी आल्यावर त्यांनी अटी वाचायला घेतल्या. मोठ्याने. त्यांचं म्हणणं, मान्य करायचंच तर शुद्धीवर राहून करू. ताई समोर बसून त्यांच्या ओठांकडे बघत होती. मला मध्यंतरी डुलकी लागली. जागा झालो तेव्हा भावोजी एकाच जागी अडकले होते.

"कोणतंही कारण न देता सेवा केव्हाही बंद करण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवत आहे," त्यांनी पुन्हा वाचलं. "म्हणजे एखाद्या सकाळी हिचे कान बंद."

"तसं कोणी करत नाही हो, भावोजी."

"लिहिलंय, मेहुणे."

"मी दाबू का? मला सवय आहे. मी आजवर काय काय मान्य केलंय ते मलाच ठाऊक नाही."

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "नको. ज्याने वाचलंय त्यानेच दाबावं."

आणि त्यांनी अंगठा टेकवला. काहीच झालं नाही. पुन्हा टेकवला. पुन्हा नाही. आयुष्यभर पेचकस फिरवून बोटांची कातडी अशी झाली होती, की बटणाला तिथे माणूस आहे हेच कळेना. शेवटी भावोजींनी अंगठा पाण्यात बुडवून शर्टाला पुसला आणि दाबला. जन्मभर ज्याला नकार दिला, त्याने निदान दोनदा तरी आढेवेढे घेतले, याचं त्यांना समाधान वाटलं असावं.

मग सगळं भराभर झालं. ताईने यंत्रं कानांत घातली. भावोजींनी भांडी खाली आणली, माणसं वर नेली. ताई आधी छताकडे बघू लागली.

"हा पंखा असा वाजतो?"

"पहिल्यापासून," मी म्हणालो.

"आणि तू इतका नाकात बोलतोस?"

"तोही पहिल्यापासून," भावोजी म्हणाले. ताई खळखळून हसली. हसू बरोबर जागेवर आलं होतं. भावोजी गडबडीने उठले, घरात दूध नाही म्हणाले, आणि फोन खिशात टाकून खाली उतरले. दूध होतं. मी पाहिलं होतं.

आम्ही दोघं बोलत बसलो. ताई हे काय वाजलं, ते काय वाजलं, विचारत होती. नळ, शेजारचा रेडिओ, माझी खुर्ची. मग बोलता बोलता थांबली आणि तिने मान दाराकडे कलती केली. मला काही ऐकू आलं नाही.

"कोण चढतंय?"

"भावोजी असतील."

ती ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरत गेला. मग तिने उठून दार उघडलं.

खालच्या वळणावर भावोजी उभे होते. एका हातात दुधाची पिशवी, दुसरा कठड्यावर. आम्हाला बघून त्यांनी तोंड मिटून घेतलं, पण छाती भात्यासारखी चालली होती.

"ही धाप कधीपासून?" ताईने विचारलं.

"कसली धाप?"

"मला ऐकू येतंय."

भावोजी तिथल्याच पायरीवर बसले. म्हणाले, "तुला सांगितलं होतं मी. मागच्या थंडीत."

"मग मी काय म्हणाले?"

भावोजींनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मी भिंतीकडे पाहिलं. ताईला तेवढ्यावरून कळलं.

ती चार पायऱ्या उतरून त्यांच्या शेजारी बसली. भावोजींनी खिशातून फोन काढला. त्या चकचकीत पडद्यावर 'माणसांचे आवाज' असं लिहिलेली पट्टी होती आणि त्यांचा अंगठा तिच्यावर होता. ती पट्टी बोटभर खाली ओढली असती तर धाप नाहीशी झाली असती. निदान ताईपुरती तरी. मला वाटतं, क्षणभर त्यांच्याही मनात आलं असावं.

त्यांनी फोन तिच्या मांडीवर ठेवला.

"हा तुझ्याकडे ठेव," ते म्हणाले. "कान तुझे आहेत."

ताईने फोन हातात घेतला, पट्टी शोधली आणि बोटाने सरकवत सरकवत पार टोकापर्यंत वर नेली. मग त्यांच्याकडे जरा झुकली.

"हं," ती म्हणाली, "आता घ्या श्वास."