घाटात पाडून पाहिलेली गाडी

वच्छलाची बदली घाटापलीकडच्या उपकेंद्रात झाली आणि आमच्या घरात ज्याला त्याला मतं फुटली. ती नर्स, मी शाळामास्तर, घर मालेगावला. मेडशी सोडली की घाट लागतो, आणि तो चढून उतरला की पातूरच्या अलीकडे तिचं गाव. एस.टी. आली तर आली. एखादी बाळंतीण अडली की वच्छला जागची हलायची नाही, आणि मग परत यायला वाहन नसायचं.

माझी आई भागिरथा, तिचं एकच पालुपद. "दिवस बुडाच्या आत सून घरात पाह्यजे. नाही जमत त सोड ते नवकरी."

वच्छला म्हणजे तिच्या वस्तीतली शिकून नोकरीला लागलेली पहिली बाई. तिनं नोकरी सोडावी, हे मला पटणारं नव्हतं. तिनं मात्र भांडण केलं नाही. "मोटरसायकल घेऊ," एवढंच म्हणाली.

आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, तसं माझं झालं. मनातल्या मनात मी केव्हाच बुलेटवर बसलो होतो. रऊफ मिस्त्रीच्या गॅरेजात दोन जुन्या गाड्या विकायला होत्या, एक बुलेट आणि एक राजदूत. बुलेटशेजारी नुसतं उभं राहिलं तरी माझी छाती फुगायची. राजदूतकडे मी पाहिलंसुद्धा नाही. दूधवाल्याची गाडी, असं माझं मत. माझी मतं अशी झटपट तयार होतात, विचार मागून चालत येतो.

"घाटात नेऊन पाहू," वच्छला म्हणाली.

रविवारी आम्ही निघालो. मी बुलेटवर, वच्छला माझ्या मागे एका अंगाला पाय सोडून, आणि रऊफ मिस्त्री राजदूतवर. बुलेट घाट असा चढली, की मला गाणं म्हणावंसं वाटलं. राजदूतही चढली, कुरकुरत, पण कुठं थांबली नाही. अर्ध्या घाटात, सागाच्या झाडांखाली मुरमाची मोकळी जागा होती. तिथं वच्छलानं आम्हाला थांबवलं.

"आता पाडा," ती म्हणाली.

"काय पाडा?"

"गाड्या. आडव्या करा."

रऊफ मिस्त्रीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "भाभी, बैलबाजारात बैलाचे दात पाह्यतेत, चाल पाह्यतेत. बैल पाडून कोनी पाह्यते काय?"

"बैल पडला त सोताच उठते, भाऊ. हे उठन का?"

पेट्रोलचा कॉक बंद करून आम्ही बुलेट हळूच आडवी केली. वच्छलानं जोर लावला, ती हलली नाही. मग मी बाह्या सरसावल्या. शर्टाची शिवण उसवली, गाडी मुरमात घट्ट. शेवटी मिस्त्रीनं हात दिला तेव्हा ती उभी झाली.

मग राजदूत. वच्छला तिच्याकडे पाठ करून खाली वाकली, एका हातानं हँडल आणि दुसऱ्यानं मागचा दांडा धरला, पाय रोवले आणि मागे रेटत रेटत सरळ झाली. गाडी तिच्याबरोबर उभी. "खाटेवरून पेशंट असाच उचलतो आमी," ती धापा टाकत म्हणाली. "कंबरीनं नाही, मांड्याईनं."

मी म्हणालो, "पण उचलायची वेळच कशाला येईल? मी आहे ना!"

"तुमी शाळेत असान," ती म्हणाली.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. गाडी ती स्वतः चालवणार होती! इतके दिवस ती स्वतःसाठी गाडी निवडत होती आणि मी माझ्या छातीसाठी. खरं सांगतो, त्या घाटात मला माझी बायको नव्यानं आवडली.

राजदूत घरी आली. बैलबाजाराच्या रिकाम्या मैदानात वच्छला ती शिकली. सरकारी सायकल ती आधीपासून दामटत होतीच. अडचण आईची होती. "बाई मानूस फटफटी चालवन? लोकं तोंडात शेन घालतीन!"

वच्छलानं अंगणात गाडी आडवी केली आणि आईच्या देखत पाठ लावून उभी केली. आईनं उभा जन्म डोक्यावर कापसाची गाठोडी वाहिली होती. ओझं कसं उचलतात ते तिला कुणी शिकवायला नको. ती बराच वेळ सुनेच्या पायांकडे पाहत राहिली. मग घरात गेली, पेटी उघडली आणि स्वतःचं ठेवणीतलं, नर्सच्या गणवेशात खपेल असं पांढरं लुगडं घेऊन आली.

"त्या गोल साडीत टांग कशी टाकशीन? हे नेस. कासोटा घालून."

पाचवारी साडी ही आमच्या घरातली शिकल्याची खूण. लुगडं मागं पडलं म्हणून मीच मिरवत असे. आणि आता नर्सबाई कासोटा मारून दारात उभी, पाय मोकळे, चेहरा हसरा. मी मागे बसायला पुढे झालो, तर आईनं मला हातानं बाजूला केलं.

"तू येष्टीनं ये. मी पाह्यतो कशी चालवते ते."

दोन कासोटे एका गाडीवर बसून उपकेंद्राकडे गेले आणि मी एस.टी. स्टँडवर. घाटात आमची बस कण्हत असताना मागून राजदूत आली, हॉर्न वाजवला आणि पुढे निघून गेली. बसमधली सगळी माणसं खिडकीला चिकटली. "कोन हाय वं हे बाई?" कुणीतरी विचारलं. "माझी बायको," मी इतक्या मोठ्यानं ओरडलो, की कंडक्टर दचकला. गाडीवर वच्छलाच्या मागे आई ताठ बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

उपकेंद्राच्या फाट्यावर मी उतरलो, तेव्हा आई गाडीला टेकून उभी होती. वच्छला कामाला लागली होती.

"मग आई, दिवस बुडायच्या आत घरी यायला पाहिजे ना सुनेनं?" मी मुद्दाम विचारलं.

आईनं गाडीच्या पुढच्या दिव्यावरची धूळ पदरानं पुसली.

"बुडू दे दिवस," ती म्हणाली. "तिच्या गाडीले लाइट हाय."