ट्रायल इथेच होते

असू द्या हो, पोट आत ओढू नका. मी काही कुणाला सांगायला जात नाही. मी आरसा बोलतोय. शिंप्याच्या दुकानातला, पडद्यामागचा, ट्रायलचा उभा आरसा.

माझ्यासमोर येऊन जसा आहे तसा उभा राहिलेला माणूस मला फारसा भेटलेला नाही. पुरुष छाती काढतात, बायका मान कलती करतात आणि लग्न ठरलेली पोरं तर श्वासच घेत नाहीत. मग कोट घरी नेला, पोटभर जेवले, की बटण टणकन उडतं आणि खापर फुटतं शिंप्यावर. मी सगळं बघत असतो, पण बोलणार कोण?

जन्म माझा काचेच्या कारखान्यातला. पाठीला लेप चढला, कडा घासल्या आणि मी एका श्रीमंत घरातल्या कपाटाच्या दारात जाऊन बसलो. घर मोठं, पण त्या खोलीत कुणी यायचं नाही. दिवसभर समोरची रिकामी भिंत बघायची, एवढाच उद्योग. पुढे कपाटाला वाळवी लागली, लाकूड भंगारात गेलं आणि मी जुन्या बाजारात येऊन पडलो. तिथे मला मास्तरांनी पाहिलं. मास्तर म्हणजे आमचे शिंपी. सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. त्यांनी माझ्यात तोंड नाही पाहिलं, अंगातल्या सदऱ्याची खांद्यावरची शिवण पाहिली. ती सरळ दिसली. "हा चालेल," म्हणाले आणि हातगाडीवर घालून मला घेऊन आले.

दुकान आमचं अरुंद आणि लांबच लांब. पुढे रस्त्याला लागून कापड बेतायचं टेबल, मध्ये शिलाई मशिनं आणि अगदी मागे, खिडकीजवळ, मी. एवढी माणसं, एवढी गंमत! कपाटात कुजून मेलो असतो, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

या सुखाला दृष्ट लागली ती मोजणीने. आमच्या रस्त्याला दोन गावं एकमेकांना चिकटून आहेत. हद्दीची नवी मोजणी झाली, माणसं फिती घेऊन आली आणि कळलं काय, तर हद्द आमच्या दुकानाच्या बरोब्बर मधून जाते. मशिनांच्या खालून! पायडल एका गावात, सुई दुसऱ्या गावात. आम्ही आधी खूप हसलो. मग दोन्ही नगरपालिकांच्या नोटिसा आल्या. पुढची नगरपालिका म्हणे, पाटी आमच्या रस्त्यावर, धंद्याचा कर आम्हाला. मागची म्हणे, मागचं दार आमच्याकडे, कर आम्हाला.

"एका माणसाला दोन सासुरवाड्या?" मास्तर बायकोला म्हणाले. "अगं, एकच झेपत नाही!"

"झेपत नसती तर इतकी वर्षं जावयाचा मान घेतला असता का?" ती म्हणाली, पण तिचाही चेहरा उतरला होता. दोन्ही कर भरले तर हातात काही उरणार नव्हतं आणि एक चुकवला तर दाराला सील. मास्तर गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घ्यायचे आणि सांगेपर्यंत विसरायचे. असं त्यांचं कधी झालं नव्हतं. एका दुपारी माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून ते बायकोला हळूच म्हणाले, "दुकान बंद करूया गं." मला इतकं वाईट वाटलं! पण मला रडायचं तर समोर कुणीतरी रडावं लागतं.

मास्तरांची एक भाची आहे, त्यांच्याकडेच राहायची. कायद्यात संशोधन करत होती. विषय काय, तर कर नेमका कुठे लागतो आणि त्याचं भांडण कुठल्या कोर्टात चालवायचं. वकिलीची सनद होती, पण कोर्टाची पायरी चढायची नाही; सगळा दिवस ग्रंथालयात. मामी सगळ्यांना सांगायची, "आमची भाची वकील आहे, फक्त भांडत नाही."

आता भांडायची वेळ आली होती. तिने पुढच्या गावच्या कोर्टात अर्ज केला. त्यांनी तो परत केला. मागच्या गावच्या कोर्टात केला, त्यांनीही परत केला.

"काय म्हणतात?" मास्तरांनी विचारलं.

"मामा, दोघंही म्हणतात, आमच्या अधिकारक्षेत्रात बसत नाही."

"बसत नाही म्हणजे? जरा उसवून ढिलं करायचं!"

भाची हसली आणि जुने निकाल घेऊन बसली. दुपारी दुकान शांत असलं की माझ्यासमोर उभी राहून वाचायची, हातवारे करायची, अडली की स्वतःलाच "मूर्ख" म्हणायची. एका निकालात भट्टी एका गावात आणि पाव विकायचं दुकान दुसऱ्या गावात. एका निकालात धोब्याचा घाट इकडे आणि इस्त्री तिकडे. हळूहळू मलाही कायदा कळायला लागला. नियम असा, की ज्या गावात काम पुरं होतं, त्या गावाचा कर. आता शिंप्याचं काम कुठे पुरं होतं? तिने ठरवलं: कापड बेतलं की. कात्री चाललेलं कापड परत ठाण होत नाही. टेबल पुढे आहे, म्हणून कर पुढच्या गावाचा. यावर तिने प्रबंधाचं एक प्रकरणच लिहून काढलं. मार्गदर्शक सरांना ते फार आवडलं. मास्तरांना कर इकडे गेला काय नि तिकडे गेला काय, एकाच ठिकाणी जावा एवढंच हवं होतं.

दोन्ही कोर्टांनी हात वर केल्यामुळे प्रकरण वरच्या कोर्टात गेलं. तिथल्या न्यायाधीशबाई म्हणाल्या, मला जागा बघायची आहे. झालं! आमच्या दुकानात अख्खं कोर्ट अवतरलं. न्यायाधीशबाई, त्यांचा कारकून, दोन नगरपालिकांचे दोन वकील आणि काळ्या कोटात घामाघूम झालेली आमची भाची. मामीने चौथ्यांदा फरशी पुसली होती.

भाचीने टेबलाजवळ उभं राहून मुद्दा मांडला. छान बोलली. न्यायाधीशबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बेतलेलं कापड अंगात घालता येतं का?"

"नाही, बाईसाहेब."

"मग काम पुरं कसं झालं?"

भाची हातातले कागद उलटेसुलटे करायला लागली. मागच्या नगरपालिकेचा वकील गालात हसला. पडद्याच्या फटीतून मला तिचा चेहरा दुरून दिसत होता; सगळं पाठ केलेलं कुठल्या कुठे गेलं होतं. आता आपल्या दुकानाचं काही खरं नाही, असंच मला वाटलं.

न्यायाधीशबाई मास्तरांकडे वळल्या. "प्रश्न असा आहे, की ट्रायल कुठे व्हावी? पुढे की मागे? तुमचं काय म्हणणं?"

"ट्रायल?" मास्तर गोंधळले. मग त्यांचा चेहरा खुलला. एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांना कळेल असं कुणी काही विचारलं होतं. "ट्रायल इथेच होते, बाईसाहेब! या, दाखवतो." आणि बाईंना घेऊन ते थेट माझ्यापाशी आले, सर्रकन पडदा ओढला. "या आरशासमोर. पहिल्यापासून. पुढे करून चालतच नाही, उजेड खोटा पडतो."

असा हशा उसळला म्हणता! दोन्ही वकील खिदळले, कारकुनाने तोंडाला रुमाल लावला. "अहो, त्या कसली ट्रायल विचारतायत आणि तुम्ही काय सांगताय," मामीने कपाळावर हात मारला. मास्तर बिचारे ओशाळून माझ्याकडे बघत राहिले.

भाची मात्र हसली नाही. ती तरातरा मागे आली.

"मामा, ट्रायलआधी कपडा गिऱ्हाइकाला देता का?"

"खुळी का काय? कच्चे टाके असतात. नुसतं टाचलेलं."

"मग पक्का कधी करता?"

"गिऱ्हाईक यात बघून बरोबर आहे म्हणालं, की. इथेच खूण करतो आणि बाहीला दोन टिपा मारून देतो. तोवर ते आमचं कापड. नाही आवडलं तर उसवतो."

भाची न्यायाधीशबाईंकडे वळली. "बाईसाहेब, माझा मघाचा मुद्दा मी मागे घेते. तो चुकीचा होता. काम इथे पुरं होतं, आरशासमोर. गिऱ्हाईक पसंत म्हणेल तेव्हा. म्हणजे मागच्या गावात." मग तिने भट्टीचा निकाल सांगितला, धोब्याचा सांगितला, तेच सगळे निकाल, पण आता प्रत्येक निकाल आपल्या जागी जाऊन बसत होता. स्वतःचं लिहिलेलं प्रकरण असं चारचौघांत मोडायला छाती लागते बरं. मला तिचा फार अभिमान वाटला.

पुढच्या नगरपालिकेचा वकील उसळला. "उद्या यांनी आरसा पुढे टांगला तर?"

माझ्या तर पाठीचा लेपच सुटायची वेळ आली! न्यायाधीशबाई पुढे झाल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या, खिडकीतल्या उजेडात स्वतःला नीट बघितलं आणि खांद्यावरचा झगा जरा सारखा केला. "नाही टांगणार," त्या म्हणाल्या. "उजेड इथेच आहे."

निकाल लागला: कर एकच, मागच्या गावाचा, पुढे कधी भांडण झालंच, तर तेही मागच्याच गावच्या कोर्टात. भाचीने तो वाचून दाखवला, तेव्हा मास्तर त्या स्टुलावर बसून ढसाढसा रडले. मीही रडलो. मामीने दोघांनाही पुसलं, एकाच फडक्याने.

भाचीने प्रबंधातलं ते प्रकरण नव्याने लिहिलं. जुन्या पानांवर मामी आता डबे ठेवते. नव्या प्रकरणात माझी तळटीप आहे! कायदा शिकणारी पोरं कधीकधी मला बघायला येतात आणि वर दोन शर्टांची मापंही देऊन जातात. आमचं उत्तम चाललंय.

परवा भिंतीला रंग द्यायला रंगारी आला. त्याने आल्या आल्या मला खिळ्यावरून उतरवलं आणि उचलून पुढे, टेबलाला टेकवून ठेवलं. मागच्या भिंतीला एक हात देऊन होतोय तोवर मास्तर चहाचा कप घेऊन आले, बघतात तो काय! कप तसाच टाकून धावले. "अरे देवा, अहो, दुकान दुसऱ्या गावात गेलं ना आमचं!" आता वय झालंय, मी एकट्याला उचलत नाही, तरी मामीला हाक मारून दोघांनी मला परत मागे नेलं. रंग ओलाच होता. लागला थोडा मला. त्याचं काही नाही.

तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी असेल, तर धूळ पुसा, डागाडुजी करा. पण आहे तिथून हलवण्याआधी घरात एकदा विचारा. मला टांगून झाल्यावर मास्तर दोन पावलं मागे सरकले, खिडकीकडे पाहिलं, मला केसभर डावीकडे घेतलं आणि मामीला म्हणाले, "हं. आता आपण आपल्या गावात."