घरची काहील

जुन्या चपलांच्या सोलांवर शिजलेला गूळ मी बावीस वर्षं करतोय. एकदाही खाल्लेला नाही.

मी नवनाथ, खुटबावजवळच्या एका गुऱ्हाळावरचा गुळव्या. पाक झाला की नाही हे पाण्यात त्याचा थेंब टाकून, गोळी वळते का त्यावरून ओळखायचं, हे माझं काम. रसाच्या कढईखाली, आमच्या चुलवणात, उसाची चिपाडं थोडी आणि भंगार फार जातं. रबरी सोल, प्लास्टिक, फाटक्या गाद्यांतला फोम, काय वाटेल ते. धूर घशात बसतो आणि थुंकी काळी पडते. वर त्या काहिलीत आमचे मालक साहेबराव बाहेरून आणलेली हलकी साखर ओततात आणि वरून पांढऱ्या पावडरीची मूठ मारतात, म्हणजे गूळ पिवळाधमक निघतो.

आणि हाच गूळ घ्यायला हायवेवरून गाड्या वळतात! पांढऱ्याशुभ्र बुटांतली माणसं उतरतात, हातातल्या घड्याळावर किती पावलं झाली ते बघतात आणि मला शिकवतात, "साखर म्हणजे विष हो. आम्ही आता गुळावर आलोय." मग पिवळ्या ढेपेचा वास घेऊन डोळे मिटतात. मला त्यांची कीव येत नाही, शिसारी येते. त्यांची येते आणि त्यांना हात जोडून हसणाऱ्या साहेबरावांचीही येते.

स्वतःची मात्र येत नव्हती, कारण आमची घरची काहील, म्हणजे घरी खायच्या गुळाचा घाणा, वेगळी. महिन्यातून एक दिवस ती लावायची. त्या दिवशी चुलवणात फक्त वाळकं चिपाड. मळी वर यायला रसात भेंडीचं पाणी, आणि बाकी काही नाही. गूळ काळपट होतो, मऊ राहतो. तो मालकाच्या आणि आम्हा कामगारांच्या घरी जातो. गिऱ्हाईकाला त्याचा वासही लागू देत नाहीत. त्यातली पहिली ढेप मी पाटसला आक्काला नेऊन द्यायचो.

पार्वतीआक्का माझी थोरली बहीण. आईच्या माघारी मला तिनंच वाढवलं. तीन वर्षांपूर्वी तिला शुगर निघाली तेव्हा ती घाबरून रडायलाच लागली. मी ढेप तिच्या पुढ्यात ठेवली आणि छाती फुगवून म्हणालो, "आक्का, साखर सोड. ह्यो खा. घरचा हाय. यात काय बी न्हाई."

आक्कानं ऐकलं. माझ्यापेक्षा जास्तच ऐकलं. सकाळी उठून कारखान्याच्या रस्त्यानं चालायला लागली. कारल्याचा रस प्यायली, तेलकट सोडलं, घरात साखरेचा दाणा ठेवला नाही. चहा गुळाचा, शेंगदाण्याचे लाडू गुळाचे, भाजी नको वाटली की भाकरीबरोबर गूळ-तूप. शुगरच्या दोन गोळ्यांपैकी एक तिनं आपल्या मनानंच बंद केली. साखर पोटात जातच नाही तर गोळी कशाला? मी उलट तिला शाबासकी दिली.

मधे पावसानं चिपाडं भिजली आणि घरची काहील एका महिन्याला लागलीच नाही. त्याच सुमारास अक्षदाचा फोन आला. ही आक्काची मुलगी, रांजणगावला कंपनीत आहे.

"मामा, आईच्या पायाला दोन महिन्यापासनं जखम हाय म्हणं. मला आज सांगती! मला सुट्टी न्हाई, तुम्ही जावा."

मी गेलो. आक्कानं पायाचं फडकं सोडलं आणि घरभर वास सुटला. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं, फडक्याला पू चिकटला होता. मी नाक दाबून दारात जाऊन उभा राहिलो. जिनं माझा शेंबूड पुसला तिच्या पायाचा वास मला सोसेना, याची मला फार लाज वाटली.

"हळद लावतीय की," आक्का म्हणाली. "थांब, च्या ठिवते."

तिनं फडताळातून एक डबा काढला. त्यावर फेटेवाल्या शेतकऱ्याचं चित्र आणि मोठ्या अक्षरात 'सेंद्रिय'. आतला खडा पिवळाधमक. मी जिभेला लावला आणि तिथंच थुंकलो.

"ह्यो कुठनं आणलास?"

"तुझा संपला, मग आठ दिसांमागं हायवेच्या दुकानातनं आणला. व्हय रे, का?"

"घाण हाय ही! साखर हाय निव्वळ! आमच्याच चुलवणातली असंल."

मी ओरडत होतो, पण खरं सांगायचं तर आतून मला बरं वाटत होतं. गुन्हेगार सापडला होता. डबा पिशवीत घालून, आक्काला रिक्षात बसवून मी दौंडला दवाखाना गाठला. आक्काचं रक्त तपासून झालं, तिला ड्रेसिंगला आत नेलं, तसा मी डबा डॉक्टरांच्या टेबलावर आदळला.

डॉक्टरांनी डब्याकडे धड पाहिलंही नाही. "हा कधीपासून खातात?"

"आठ दिस झालं."

"हा रिपोर्ट तीन महिन्यांच्या साखरेचा आहे. आठ दिवसांत असं होत नाही. त्याआधी काय खायच्या?"

"गूळच. पण घरचा. मी केलेला, शुद्ध."

"किती?"

"म्हैन्याला एक ढेप. दोन किलोची."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, शुद्ध असेल. पण रक्तात गेल्यावर त्याची साखरच होते. काळा काय आणि पिवळा काय. बोट तर गेलंच. साखर उतरली नाही तर पाय जाईल."

आक्काला चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणलं. "काय म्हणलं डाक्टर?" तिनं विचारलं.

"त्या डब्यातल्या गुळानं झालं," मी म्हणालो. इतक्या सहज म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं. साहेबराव गिऱ्हाइकाशी असंच बोलतात.

बोट काढलं. दवाखान्यात तिला साखर बंद करायला बजावलं, पण तिच्या लेखी घरचा गूळ म्हणजे साखर नव्हेच. आक्काला घरी आणून सोडलं आणि त्यानंतर मी घरची ढेप नेलीच नाही. चिपाड ओलं आहे, असं सांगत राहिलो. खरं सांगायची हिंमत होत नव्हती, आणि गूळ पोचत नाही तोवर गरजही नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती.

काल दुपारी गेलो. आक्का ओट्यावर बसली होती, पट्टी बांधलेला पाय पाटावर. समोर शेजारच्या वच्छलाबाई डोळे पुसत होत्या, त्यांना परवाच शुगर निघालेली. आणि दोघींच्या मधे ताटात काळपट, मऊ ढेप, कडेनं फोडलेली.

"अक्षदा येताना गुऱ्हाळावर थांबली व्हती," आक्का हसून म्हणाली. "तू नव्हतास. साहेबरावांनी दिली बांधून. दोन दिस झालं, तोंडाला चव आली बघ."

तिनं एक मोठा खडा फोडला, वच्छलाबाईंच्या हातावर ठेवला.

"रडू नगं वच्छला. साखर सोड. ह्यो खा. घरचा हाय. यात काय बी न्हाई."

माझंच वाक्य, शब्दन् शब्द माझा.

"आक्का, तुझं बोट ह्याच गुळानं गेलं," मी म्हणालो. "डब्यातल्या न्हाई. माझ्या. डाक्टर तवाच बोललं व्हतं."

"काय बी बोलतोस," ती म्हणाली. मग तिनं माझं तोंड पाहिलं.

तिनं वच्छलाबाईंच्या हातावरचा खडा उचलून ताटात टाकला. बोटाला लागलेला गूळ ती एरवी चाटते, तो तिनं पदराला खसाखसा पुसला. आणि मी चुलवणातल्या सोलांकडे बघतो, तसं माझ्याकडे बघितलं.